घोडा आहे

दत्त्या,

घोडा आहे. आधी हे सांगून टाकतो, बाकीचं मागून. घोडा आहे, घोड्यावर माणूसपण आहे, सरांच्या पुस्तकातल्या त्या वेचणाऱ्या बायकांच्या चित्रात, उजव्या हाताला, पार लांब, मागं. डाग नाहीये तो. चाळीस वर्षं मी डाग-डाग करत आलो, तुझ्या तोंडावर, सरांच्या तोंडावर, एकदा तर तुझ्या लग्नात पंगतीला बसल्यावरसुद्धा, आणि आज दुपारी पॅरिसमध्ये त्या चित्रापुढं उभा राहिलो तर घोडा. हरलो. पैजेचा बर्फाचा गोळा लागू. कालाखट्टा, व्याज धरून दोन घे.

मोठं होणार आहे हे. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर तू न वाचताच अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून मेल करतोय. स्टाफरूममध्ये वाचू नको, घरी गेल्यावर वाच. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, गुडघा अधूनमधून कळ देतो, हिची शुगर कंट्रोलमध्ये, थंडी मरणाची आहे, झालं. संक्रांत इथंच झाली, पोरीच्या, चिऊच्या खोलीत. खोली म्हणजे आपली होस्टेलची खोली महाल वाटावी अशी, आणि भाडं ऐकलंस तर तू शाळा सोडून इथं खोल्या बांधायला येशील.

दिवाळीपासून मी तुझा फोन उचलला नाही. दोनदा केलास. 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज टाकला तो खोटा होता. दोन्ही वेळेला मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसलेलो, फोन वाजत होता, तुझा तो गॉगलवाला फोटो दिसत होता, बघत बसलो, उचलला नाही. वहिनीला वाटलं असेल, ह्याला पुण्याचं पाणी लागलं. तसं नाही. ते का झालं हे सांगायलाच लिहितोय, पण मध्ये मध्ये घोड्याकडं जाणार, कारण घोडा डोक्यातनं जात नाहीये.

तर ऑर्से म्हणून म्युझियम आहे, नदीच्या काठालाच. आधी रेल्वे स्टेशन होतं ते, 1900 सालचं, 1986 ला म्युझियम केलं, आत अजून ते भलं मोठं घड्याळ आहे. आपली बार्शी लाइट रेल्वे 1897 ची, म्हणजे ह्यांच्या तीन वर्षं आधीची, हे मी चिऊला ऐकवलं तर तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला त्या चित्राचं काही माहीत नव्हतं, म्हणजे इथं आहे हे माहीत नव्हतं. मी आपला हिच्या मागं मागं फिरत होतो, पाय दुखायला लागलेले, बाक शोधत होतो, आणि एकदम समोर सरांच्या पुस्तकातलं पान. रंगात! तुला आठवतं ना ते पान, काळं-पांढरं, अर्ध्याच पानावर छापलेलं, वर कुणीतरी कप ठेवल्याचा गोल. आपल्याला वाटायचं मूळ चित्र भिंतभर असणार. नाहीये. 84 सेंटिमीटर उंच आणि 111 रुंद, म्हणजे आमच्या सोप्यातल्या विठोबाच्या फ्रेमपेक्षा थोडंसं मोठं.

आणि सर मिलेट म्हणायचे तो मिलेट नाही, मिये म्हणायचं. मिये, झाँ-फ्राँस्वा. चिऊनं तीनदा दुरुस्त केलं, मी चौथ्यांदा मुद्दाम मिलेट म्हणलं. आता सगळीकडं ज्वारी-बाजरीला मिलेट म्हणायची फॅशन आलीय, म्हणजे सर बरोबरच होते, आपल्या बाजूला ज्वारीवालाच पाहिजे. पण बाबा, त्यातलं रान गव्हाचं आहे. आपण तेव्हा ज्वारी म्हणून भांडलो होतो, तू शेंगा म्हणाला होतास, दोघंही गाढव. गव्हाच्या ओंब्या आहेत. सरवा, म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेलं, वेचतायत बायका.

तिघी. डावीकडची निळ्या फडक्याची, एक हात पाठीमागं घेतलाय आणि त्या हातात ओंब्यांची जुडी, दुसरा जमिनीवर. मधली लाल फडक्याची. तिसरी अर्धी वाकलेली, पिवळसर फडकं. कमरेच्या अ‍ॅप्रनचा खोळ केलाय, त्यात वेचलेलं टाकायचं, म्हणजे ओटीच की रे. दत्त्या, त्या मधलीचा हात बघ कधी नीट. मोठा, लालसर, बोटं जाड झालेली, नुसतं बघून कळतं की ह्या हाताला सकाळपासून हेच काम आहे. ऊन सगळं मागं आहे, मागं म्हणजे जिथं गंजी आहेत, भरलेली गाडी आहे, कापणी करणाऱ्यांची ही गर्दी आहे, तिकडं. ह्या तिघी पुढं आहेत पण सावलीत असल्यासारख्या, आणि त्यांची डोकी रानाच्या रेघेच्या वर येत नाहीत, तिसरीचं जेमतेम टेकतं. आणि गर्दीच्या उजवीकडं, एकटा, घोडा. शेजारी पाटी लावलीय, चिऊनं वाचून सांगितलं की तो मुकादम असावा, मालकाचा माणूस, काम बघायचं आणि वेचणाऱ्या बायका नियमानं वागतात का तेही बघायचं. मी मोबाईल काढून झूम केलं तर नुसता ब्रशचा फटकारा. तोंडबिंड काही नाही त्याला. आता तू म्हणशील मग डागच झाला, तर नाही, घोडाच आहे, मी कबूल केलंय तर गप गोळा घे.

नियम कुठले, तर ते आपल्यासारखेच. फ्रान्समध्ये हा गरिबांचा हक्क होता, कायद्यानं दिलेला, राजाच्या जुन्या फर्मानापासनं चालत आलेला. फक्त मालकाचं पीक आधी पूर्ण उचललं गेलं पाहिजे, दिवस उगवल्यावर यायचं आणि मावळायच्या आत रान सोडायचं. आमच्या तात्यांचा नियम आठव. कडबा निघेस्तोवर रानात बाईमाणूस दिसता कामा नये, कडबा निघाला की मग कुणीबी या. तात्यांनी फ्रान्सचा कायदा वाचला नव्हता हे नक्की, पण आलं ना डोकं तिथंच.

साल काय आहे माहितीये चित्राचं? 1857. आपल्याकडं इकडं मेरठ-कानपूर पेटलेलं आणि तिकडं पॅरिसच्या प्रदर्शनात हे लागलेलं, आणि लोक घाबरले रे. खरंच. तीन वाकलेल्या बायकांना घाबरले. एकानं लिहिलं की ह्या तिघींच्या मागं मला दंगलीतले भाले आणि 1793 च्या क्रांतीतले वधस्तंभ दिसतात. दुसरा म्हणाला दारिद्र्याच्या तीन नियतीदेवता, म्हणजे आपल्याकडची सटवाई धर, तीन सटवाया. 1848 ची क्रांती होऊन नऊच वर्षं झालेली, त्यामुळं गरीब माणूस एवढा मोठा, एवढा पुढं काढलेला बघून त्यांना धडकी भरली असणार. चित्र विकलं 3,000 फ्रँकला, हा 4,000 मागत होता, ते पण मिळाले नाहीत. मेला 1875 ला. आणि 1889 मध्ये तेच चित्र 3 लाख फ्रँकला गेलं, शॅम्पेनच्या कंपनीची मालकीण होती तिनं घेतलं, तिच्या पश्चात ते सरकारजमा झालं. ह्याच्या घरच्यांना त्यातलं काही नाही. ह्याच्याच दुसऱ्या एका चित्राला त्याहून जास्त भाव आला, 5 लाख 53 हजार, आणि घरचे तसेच, तेव्हापासनं बोंब होऊन होऊन शेवटी 1920 ला तिथं कायदा झाला की चित्र परत विकलं गेलं तर चित्रकाराला, नाहीतर त्याच्या वारसांना हिस्सा द्यायचा. तुझं ते चित्र कुठंय रे? सरांकडंच राहिलं का? त्यावर आता यायलाच लागेल.

एलिमेंटरीच्या सरावाला सरांनी स्मरणचित्र दिलं होतं, 'शेतातील दृश्य'. मी बैलगाडी, डोंगर, मधोमध सूर्य आणि चारचे उलटे पक्षी. तू तीन बायका काढल्यास. लुगड्यातल्या, वाकलेल्या, ज्वारीची धसकटं, मागं कडब्याच्या पेंढ्या. मधलीला तुझ्या आईचं, म्हणजे मावशीचं, ते जांभळं लुगडं. सर येड्यासारखे बघत बसले, ऑफिसात लावलं, हेडसरांना दाखवलं. आणि मागं, जिथं पुस्तकात घोडा होता, म्हणजे तुझ्या मते घोडा होता, तिथं तू माळा काढलास आणि माळ्यावर गोफण घेऊन एक पोरगं. अंगठ्याएवढं. तोंड नाही त्याला. टोपी लाल.

लाल टोपी वर्गात कुणाची होती?

मी तुला विचारलं पण नाही. आख्खी शाळा ते चित्र बघून जात होती आणि मला वाटायचं सगळे त्या टोपीकडंच बघतायत. कुणी बघत नव्हतं, हे आता कळतं. निकाल आला, तुला ए, मला सी, मी घरी सांगितलं दत्त्याला सरांनी मदत केली. ते पण खोटं.

आता तो रविवार. मी हे लिहायला बसून एक तास झालाय आणि आतापर्यंत जे लिहिलं ते सगळं ह्याच्याकडं यायचं टाळायला लिहिलंय, तुला कळलंच असेल. खालच्या रानातली कणसं खुडून खळ्यावर नेलेली, कडबा तसाच पडलेला. मला तात्यांनी बांधावर बसवलं होतं. मावशी आली, आणि अजून दोघी, ओढ्याच्या अंगानं. लांबनं मला बघितलं आणि हात केला. ओळखीचा हात, आपल्याच पोराला करतात तसा. मी पण हात केला. आणि मग उठलो आणि खळ्यावर पळत गेलो आणि तात्यांना सांगितलं.

दत्त्या, तुला सगळ्यांनी सांगितलं की तात्यांनी खळ्यावरनं बघितलं. मी पण तेच सांगितलं. खळ्यावरनं खालचं रान दिसतच नाही, मध्ये चिंच आहे. तू त्या चिंचेखाली माझ्याबरोबर दहा वर्षं खेळलास, तुला कधी प्रश्न पडला नाही का? की पडला होता आणि तू गप्प बसलास? मला हे चाळीस वर्षांत कळलेलं नाही आणि विचारायची टाप झाली नाही. आपण दोघं बोलायला लागलो तेव्हा जूनमध्ये शाळा उघडली होती, तू म्हणालास 'बॅट आणलीस का', मी म्हणलं 'आणली', आणि झालं, संपलं. मला तेव्हा केवढं बरं वाटलं. आता वाटतं तेव्हाच दोन ठेवून द्यायला पाहिजे होत्या तू.

तात्या ओरडले नाहीत. लोक सांगतात शिव्या घातल्या, नाही घातल्या. नुसतं म्हणाले, 'वटी सोड.' मावशीनं सोडली. कणसं खाली पडली. मग मला म्हणाले, 'उचल, खळ्यावर टाक.' मी तिच्या पायाशी वाकून एकेक उचलली, तिनं पाय मागं घेतला. सतरा होती. मी मोजली, का मोजली माहीत नाही. नियमानं बघितलं तर कडबा निघाला नव्हता, मावशी आधी आली होती, हे मी चाळीस वर्षं मनातल्या मनात वकिलासारखं घोळवतोय. सतरा कणसांचं होतं किती रे, शेरभर तरी?

दुसऱ्या दिवशी आजीनं गुपचूप पायलीभर ज्वारी फडक्यात बांधून तुमच्याकडं पाठवली होती, गड्याच्या हातनं. हे तुला माहीत असेल नसेल. संध्याकाळी ती परत आली. गाठ आजीनं मारली होती तशीच. आजी काही बोलली नाही, ज्वारी कणगीत ओतली, फडकं झटकून दोरीवर टाकलं. मला तेव्हा कळलं नाही की वेचलेलं चालतं आणि दिलेलं का चालत नाही. आज ते हक्काबिक्काचं चिऊ वाचत होती तेव्हा ते फडकं आठवलं.

आता दिवाळी. भाऊबीज करून आम्ही निघायच्या गडबडीत, गाडी भरलेली, आणि मावशी आली. ओसरीवर चढली नाही, अजूनही चढत नाही, मी म्हणलं वर ये, तर 'हितंच बरं हाय'. हातात पिशवी. खारवलेल्या, भाजलेल्या शेंगा, चांगल्या दोन-तीन किलो. म्हणाली, 'पोरीला ने परदेशात.' मी म्हणलं एवढ्या कशाला, तुला ठेव की. तर म्हणते, 'ने रं. तुमच्याच रानातल्या हायत.'

आणि हसली.

ते हसणं कुठलं होतं हे मला सांग. तू तिचा पोरगा आहेस, तुला कळेल. नेहमीचं, चेष्टेचं? की तिला सगळं माहितीये आणि चाळीस वर्षांनी एवढंच बोलायचं होतं? ती खुरपं घेऊन त्या रानात बसली असणार, शेंगा उपटून झाल्यावर, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एकेक उकरून, आणि ते माझ्या पोरीसाठी. मी गाडी हायवेला लागेस्तोवर हिच्याशी बोललो नाही. मग तुझे फोन आले, आणि मी गाडीत बसून वाजू दिले. एवढंच कारण. तुझा काही दोष नाही.

शेंगा आणल्या इथं. आज कोटाच्या खिशात मूठभर होत्या, थंडीत चालताना खायला. त्या चित्रासमोर किती वेळ उभा होतो माहीत नाही, हात खिशात गेला आणि शेंग फोडली. दत्त्या, त्या शांततेत ते टरफल असलं वाजलं की रखवालदार लांबनं चालत आला. फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला, हळूच, चिऊ लाजेनं अर्धी झाली. मी शेंग खिशात टाकली, टरफल पण टाकलं, दोन दाणे तोंडात होते ते तसेच धरून उभा राहिलो, चावायची पण चोरी.

नंतर कॅफेत चिऊ मोबाईलवर त्याचं वाचून दाखवत बसली. तो नॉर्मंडीच्या शेतकऱ्याचा पोरगा, 1814 चा, स्वतः रानात राबलेला, मग पॅरिस, मग 1849 पासनं बार्बिझाँ नावाच्या खेड्यात, नऊ पोरं, कायम उधारी. आजी 1851 ला गेली, आई 1853 ला. आई बोलावत होती, वाट बघत होती, आणि ह्याला जायला जमलं नाही, पैसे नव्हते. गेला तो वाटणीलाच. आणि वाटणीत म्हणे रान भावाला सोडलं आणि फक्त चुलत आजोबांची पुस्तकं आणि एक सागवानी, सागवानी नाही, ओकचं कपाट मागितलं. मी म्हणलं बस कर आता, कॉफी पी. तिला वाटलं मला कंटाळा आला.

वाटणीवरनं आठवलं म्हणण्यापेक्षा खरं तर हेच मुद्द्याचं. दादा खालच्या रानाला तारेचं कुंपण घालतोय. ज्वारी निघाली की. निम्मा खर्च माझा, सही माझी पाहिजे, कागद माझ्या मेलवर येऊन पडलाय. डुकरांनी नुकसान केलंय हे खरं आहे, तो काही खोटं बोलत नाही. मी म्हणलं ओढ्याच्या बाजूला एक फाटक ठेव, कुलूप नको, वेचायला कुणी येतं. तर म्हणाला, 'आता कोण वेचतंय, रेशनवर फुकट मिळतंय सगळ्यांना, मशीन सोयाबीनचा दाणा ठेवत नाही मागं.' मी म्हणलं मावशी येते. म्हणाला, 'म्हणून तर. म्हातारी पडली-झडली तर जबाबदारी कुणाची? दत्ताच येईल भांडायला.' ह्याच्यावर काय बोलायचं, तू सांग. त्याचं चूक काहीच नाही. नियमाप्रमाणं बघितलं तर तात्यांचंही चूक नव्हतं. मी सही केली नाही अजून, नाही पण म्हणलं नाही, 'परदेशात आहे, प्रिंटर नाही' म्हणून सांगितलंय. चिऊच्या टेबलावर प्रिंटर आहे.

तू म्हणशील मी कोण फाटक मागणारा. बरोबर आहे. पण मावशीला विचार, फाटक पाहिजे का. माझं नाव काढ नाहीतर काढू नको, पळत गेल्याचं सांग नाहीतर सांगू नको, ते तुझ्यावर. सांगितलंस तर मला कळव, म्हणजे पुढच्या वेळी ती दारात आली की मला कुठं बघायचं ते कळेल.

तुझं काय चाललंय? बदलीचं झालं का? धाकटीचं ठरलं म्हणे, पोरगा बँकेत आहे एवढं दादाकडनं कळलं, तारीख लगेच कळव, रजा टाकायला लागते. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल. तू चित्रं काढतोस का अजून, का नुसते पोरांचे फळे रंगवतोस? इथनं तुला रंग घेतलेत, वॉटरकलर, भाव विचारू नको. आणि ह्या चित्राचं मोठं पोस्टकार्ड पण घेतलंय, त्यात घोडा व्यवस्थित दिसतो, भिंगाशिवाय.

आम्ही शनिवारी निघतो, रविवारी पुण्यात. रविवारी रात्री फोन करतो. मी करतो, तू करू नको. उचल मात्र.

तुझा,
नंद्या

ता. क. तिसरी बाई. तू म्हणायचास तिनं कंबर धरलीय, दुखतेय म्हणून. आज अगदी जवळ जाऊन बघितलं, तिचे दोन्ही हात पुढं आहेत. कंबर धरलेली नाही. दोनातला एक गोळा वजा.